अक्का आमच्या, चिन्ह त्यांचं

मी नागप्पा. हेळगावच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि गेली बावीस वर्षं नांदेडच्या एका दैनिकाला मी गावच्या बातम्या पाठवतो. बातम्या म्हणजे वाढदिवस, उद्घाटनं, निवडी आणि निवेदनं. खरं काही घडलं तर मी ते सहसा पाठवत नाही, कारण ते ज्यांनी घडवलेलं असतं त्यांच्याच जाहिराती आमच्या पेपरात येतात. गौरम्मांची हकिकत मात्र मी पहिल्यापासून जवळून पाहिली. तिच्यात माझाही हात आहे, म्हणून सांगतो.

हेळगाव जळकोट आणि उदगीरच्या मधे येतं. नगरपरिषद आहे, सतरा नगरसेवक आहेत, आणि गाव जनमोर्चाचं, म्हणजे टांगा या चिन्हाचं आहे. विधानसभा असो, लोकसभा असो, गाव जाऊन टांग्याचं बटण दाबून येतं. का दाबतं, हे नीट कोणालाच सांगता येत नाही. आधी भुजंगरावांचे वडील आमदार होते, मग भुजंगराव झाले. त्यांनी गावासाठी काय केलं असं विचारलं, तर लोक त्यांच्या वडिलांच्या मयतीला किती गाड्या आल्या होत्या ते सांगतात. दुसरा पक्ष लोकसंघ, चिन्ह छत्री. मुंबईत सरकार छत्रीचं होतं, पण हेळगावात पावसाळ्यातही कोणी छत्री हातात धरत नाही, असा आमच्याकडचा विनोद होता.

सोळा साली नगराध्यक्षपद महिलेसाठी सुटलं. छत्रीला उमेदवार मिळेना. शेवटी भांड्यांचे दुकानदार उमाशंकरराव यांनी बायकोच्या नावानं तिकीट आणलं. निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानाच्या पाटीशेजारी आपलं नाव फ्लेक्सवर यावं, एवढीच त्यांची हौस. त्यांची बायको म्हणजे गौरम्मा. माहेर बिदरकडचं, उदगीरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या, गावातल्या एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवायच्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. त्या वर्षी जनमोर्चात दोन चुलत भाऊ तिकिटावरून भांडले, दोघंही उभे राहिले, आणि त्या दोघांच्या मधून अक्का सव्वातीनशे मतांनी निवडून आल्या. निकाल ऐकून उमाशंकररावांचा चेहरा कुणीतरी चुकीचं पार्सल घरी आणून द्यावं तसा झाला होता.

अक्का मात्र दुसऱ्याच दिवशी साठवण तलावावर गेल्या. तेव्हा गावात बारा दिवसांनी नळाला पाणी यायचं. तलावात पाणी नाही, असं सगळे सांगायचे. अक्कांनी तलावापासून टाकीपर्यंत सहा किलोमीटर पाइपलाइन पायी पाहिली. सोबत प्लंबर आणि मी. वाटेत एकेचाळीस ठिकाणी लाइन फोडून शेतात पाणी घेतलेलं होतं. त्यातली सात कनेक्शनं भुजंगरावांच्या भावकीची, चार नगरसेवकांची, आणि एक अक्कांच्या सख्ख्या दिराचं. त्यांनी पहिलं कनेक्शन दिराचं तोडलं. त्या घरून पुढचे दोन पाडवे त्यांना बोलावणं आलं नाही. बाकीची तोडायला सात महिने लागले, दोनदा कोर्टाची नोटीस आली, एकदा प्लंबरला मारहाण झाली. पण दीड वर्षात हेळगावात तिसऱ्या दिवशी पाणी यायला लागलं. कोणत्या वॉर्डात किती वाजता येणार, ते चौकाचौकात बोर्डावर लिहिलेलं असायचं, आणि बोर्डावर लिहिलेल्या वेळी नळाला खरंच पाणी यायचं. गावाला याचीच जास्त भीती वाटली असेल.

मग गाव अक्कांवर खूश झालं. हे खूश होणं मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो, ते खोटं नव्हतं. लग्नाची पहिली पत्रिका अक्कांना, बारशाला अक्का, मठाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत अक्का. बायका त्यांना वाटेत थांबवून हात हातात घ्यायच्या. औषध दुकानदार शिवकुमार तर भाषणात त्यांचं नाव घेताना रडायचा. मी त्याच्या रडण्याचा फोटो दोनदा छापून आणला.

एकोणीस साली विधानसभा आली आणि अक्कांना नांदेडहून निरोप आला. लोकसंघाचं विभागाचं काम अमरेश नावाचे एक गृहस्थ बघायचे. सगळे त्यांना अमरेशजी म्हणायचे. तरोडा नाक्याकडे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं कार्यालय होतं. जांब, कंधार करत आम्ही तिघं तिथं पोचलो, अक्का, उमाशंकरराव आणि मी. मला अक्कांनीच सोबत घेतलं होतं. तिथं जे बोलणं होईल ते नंतर कोणाला तरी आठवत राहावं, असं त्या म्हणाल्या.

अमरेशजी मूळचे पुण्याकडचे, वय चाळिशीच्या आत, बोलणं गुळगुळीत. हेळगाव नकाशात कुठं आहे ते त्यांनी आमच्यासमोरच मोबाइलवर शोधलं. मग लॅपटॉप फिरवून दाखवला. पक्षानं मतदारसंघात पाहणी केली होती. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर लोकांना नगराध्यक्षा आवडतात, असं त्यात निघालं होतं. संपूर्ण मराठवाड्यात आमच्या कोणाचेही इतके आकडे नाहीत, असं ते म्हणाले. भुजंगरावांना पाडायची हीच वेळ आहे, तिकीट तुमचं.

अक्कांनी तो तक्ता नीट वाचला. विज्ञान शिकवलेल्या बाई त्या. म्हणाल्या, "आवडते असं अठ्ठ्याहत्तर जण म्हणाले. मत देऊ असं किती जण म्हणाले?"

अमरेशजींनी लॅपटॉप पुन्हा स्वतःकडं वळवला. "तो प्रश्न या फेरीत नव्हता, मॅडम. तो शेवटच्या फेरीत असतो."

"शेवटची फेरी कधी आहे?"

"अर्ज भरल्यानंतर."

उमाशंकरराव मान डोलावत होते. त्यांना अठ्ठ्याहत्तर हा आकडा एवढा भावला होता की परतीच्या वाटेवर त्यांनी तो कंधारच्या हॉटेलवाल्यालाही सांगितला.

अक्कांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांची अडचण पक्षाशी नव्हती, गावाशी होती. गाव टांग्याचं आहे हे त्यांना माहीत होतं. पण पाण्याच्या योजनेचा दुसरा टप्पा मुंबईत अडकला होता. आमदाराचं पत्र लागत होतं आणि भुजंगराव ते देत नव्हते. आपण आमदार झालो तर एका गावाचं कशाला, चाळीस खेड्यांचं पाणी मार्गी लागेल, असं त्यांना वाटायला लागलं. आणि थोडा अभिमानही होताच. तीन वर्षं उन्हातान्हात पाइप मोजत फिरल्यावर कोणाला तो होणार नाही?

म्हणून त्यांनी गावालाच विचारायचं ठरवलं. रोज संध्याकाळी एक गल्ली. दारात जाऊन सरळ विचारायच्या, मी आमदारकीला उभी राहू का, मत द्याल का. मी आठ-दहा गल्ल्या त्यांच्यासोबत फिरलो. गावानं एका सुरात सांगितलं, अक्का, तुम्ही उभ्या राहा म्हणल्यावर विषयच संपला. कोणी चहा पाजला, कोणी ओटी भरली. भुजंगरावांच्या भावकीतल्या एकानं तर आपल्या आईची शपथ घेतली. त्याची आई शेजारीच बसलेली होती आणि गालात हसत होती.

सगळ्या गावात एकच माणूस वेगळं बोललं. बाजारात भाजी विकणाऱ्या केवळाबाई. भाजीवर पाणी मारता मारता त्या म्हणाल्या, "अक्का, तुमी लई गुणाच्या हाव. पण मत मी टांग्यालाच देणार. अक्का आमच्या हायत, पण चिन्ह त्यांचं हाय. उगी खोटं कशाला बोलू?"

अक्का हसल्या, शेपूची जुडी घेतली आणि पुढं आल्यावर मला म्हणाल्या, एक मत गेलं, बाकीची आहेत. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. इतकी वर्षं या गावाच्या बातम्या लिहून एवढं मला नक्की कळत होतं, की केवळाबाई बोलल्या आणि बाकीचे बोलले नाहीत, एवढाच त्यात फरक होता. मी गप्प राहिलो. निवडणुकीच्या जाहिराती दोन्ही बाजूंच्या येणार होत्या.

प्रचार चांगला झाला. अक्कांच्या सभेला माणसं मावायची नाहीत. भुजंगराव हेळगावात एकदाच आले, दहा मिनिटं बोलले, आणि त्यात सात मिनिटं वडिलांवर बोलले. अक्कांबद्दल वाईट काही बोलले नाहीत. गौरम्मा चांगली बाई आहे, तिला गावातच राहू द्या, मुंबईत गेली तर तुमच्या नळाकडे कोण बघणार, एवढंच म्हणाले. लोक हसले. आम्हीही हसलो. सगळ्या प्रचारात तेवढंच एक वाक्य चाललं, आणि ते किती खोल गेलं हे आम्हाला निकालाच्या दिवशी कळलं.

हेळगाव शहरातून टांग्याला दहा हजार सहाशे चाळीस. छत्रीला तीन हजार नऊशे बारा.

त्या दहा हजार सहाशे चाळिसांत एक मत माझं होतं. माझी मुलगी सृष्टी भुजंगरावांच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायची, तिला कायम करायचं चाललं होतं, आणि कोणतं केंद्र कोणत्या बाजूला गेलं हे भुजंगरावांना दुसऱ्या दिवशी कागदावर मिळतं. केंद्रावरून माझं एकट्याचं मत काढता येणार नाही हे मलाही कळत होतं. पण भीती असली की माणसाला हिशेब येत नाही. बटण दाबताना मी मनात म्हणालो, एका मतानं अक्कांचं काय बिघडतंय. मतदानाच्या खोलीतून बाहेर आलो तर समोर अक्का उभ्या होत्या. त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला. दुसऱ्या दिवशी पेपराला मी 'गौरम्मांची कडवी झुंज' असा मथळा पाठवला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी त्यांच्या घरी गेलो. भेटायला नाही, प्रतिक्रिया घ्यायला. अंगणात आधीच सात-आठ माणसं उभी होती. मला वाटलं, सांत्वनाला आली असतील. पुढं शिवकुमार होता. अक्का बाहेर आल्या तशी त्यानं मान खाली घातली आणि दु:खी आवाजात सांगितलं, वॉर्ड नऊची काल पाळी होती, पाणी आलं नाही, व्हॉल्व्ह सोडणारा माणूस निकाल बघायला गेला तो आलाच नाही.

शिवकुमारला वाटलं, आपण एकदम कामाचं बोलायला नको होतं. तो म्हणाला, "झालं ते झालं अक्का. मनाला लावून घेऊ नका. तेवढं पाण्याचं बघा."

"भुजंगरावांकडं गेला होता का?" अक्कांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

शिवकुमारला प्रश्नच कळला नाही. तो खरोखर बुचकळ्यात पडला होता, नाटक करत नव्हता. "पाण्यासाठी? साहेबांकडं? ते आमदार हायत अक्का."

आतून उमाशंकरराव ओरडले की आठ दिवस पाणी बंद ठेव, म्हणजे कळेल यांना. रात्रभर ते फ्लेक्सवर झालेल्या खर्चाचं बोलत होते, असं नंतर कळलं. अक्कांनी पायात चपला घातल्या आणि निघाल्या. मीही मागं गेलो. टाकीजवळ व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरून त्यांनी स्वतः चाक फिरवलं. पाणी सुटल्याचा आवाज आला तसे शिवकुमार आणि मंडळी आपापल्या घरी भरायला धावली. थांबून कोणी हातसुद्धा दिला नाही. मी दिला.

वर आल्यावर त्या पदराला हात पुसत मला म्हणाल्या, "अण्णा, आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई लई चांगली असली, तर आपण तिला साडी देतो, सणाला जेवायला बसवतो, गावभर तिचं नाव करतो. पण कपाटाची चावी देतो का?"

मी म्हणालो, नाही.

"मग गावाचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या.

ही प्रतिक्रिया मी छापली नाही. 'जनतेचा कौल मान्य' असं छापलं. पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्या घराकडं फिरकलो नाही.

नगराध्यक्षपदाची उरलेली दोन वर्षं अक्कांनी काम नेहमीसारखं केलं. फक्त लग्नाला, बारशाला, सत्काराला जाणं बंद केलं. लगेच गावात बोललं जाऊ लागलं की अक्का बदलल्या, पराभव पचला नाही. मग मुदत संपली, प्रशासक आला. प्रशासक उदगीरहून आठवड्यातून एकदा यायचा आणि बोर्डावरच्या वेळा कोणी पुसल्या ते कधी कळलं नाही.

तेवीस सालच्या पावसाळ्यात भुजंगराव लोकसंघात गेले.

त्याचं कारण त्यांनी विकास असं सांगितलं. त्यांच्या साखर कारखान्याची चौकशी लागली होती, आणि प्रवेशानंतर ती थांबली, एवढं मी पाहिलं आहे. राज्यमंत्रिपदाचं ठरलं होतं. प्रवेशाचा मोठा सोहळा लातूरला टाउन हॉलच्या मैदानावर घ्यायचा होता, आणि अमरेशजींचा अक्कांना फोन आला. चार वर्षांत पहिला. हेळगावच्या जुन्या, निष्ठावान कार्यकर्त्या म्हणून साहेबांचं स्वागत तुमच्या हातून व्हावं, अशी वरिष्ठांची इच्छा आहे, असं ते म्हणाले. माझं पुढं काय, असं अक्कांनी विचारलं. पक्ष तुमचा गांभीर्यानं विचार करून राहिला आहे, असं अमरेशजी म्हणाले. चार वर्षांत ते आमच्याकडचं बोलायला शिकले होते.

अक्का जाणार नव्हत्या. पण त्यांना सांगण्यात आलं की पाणी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याची मंजुरी त्याच मंचावरून जाहीर होणार आहे. तेवढ्यासाठी त्या गेल्या. मलाही जावंच लागलं, पेपरानं पाठवलं होतं.

मैदानावर हेळगावच्या अकरा जीपा उभ्या होत्या. मी मोजल्या. उतरलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात छत्रीचं उपरणं. शिवकुमार होता. आईची शपथ घेणारा होता. चाळीस वर्षं ज्या चिन्हाला बोट लावायला गाव लाजत होतं, ते चिन्ह गळ्यात घालून गाव फोटो काढत होतं. एकानं मला विचारलं, पहिल्या पानावर येईल का. गर्दीत केवळाबाईही दिसल्या. त्यांच्या गळ्यात उपरणं नव्हतं. नातू घेऊन आला म्हणून आले, म्हणाल्या.

मंत्र्यांची भाषणं झाली. दुसऱ्या टप्प्याची मंजुरी खरंच जाहीर झाली, आणि त्या योजनेला भुजंगरावांच्या वडिलांचं नाव देण्यात आलं आहे, असंही त्याच वाक्यात जाहीर झालं. अक्का मंचावर तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांचा चेहरा मला खालून दिसत होता. त्यावर काही उमटलं नाही.

मग त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी हार घेतला, भुजंगरावांच्या गळ्यात घातला आणि परत जायच्या ऐवजी माइकसमोर उभ्या राहिल्या. सूत्रसंचालक गोंधळला. अमरेशजी उठून अर्धवट उभे राहिले.

अक्का म्हणाल्या, "एकोणीस साली हेळगावानं मला मतांतून सांगितलं होतं, तू चांगली आहेस, पण तुझं चिन्ह आम्हाला चालत नाही. मी ते खरं मानलं होतं. आज तेच चिन्ह गळ्यात घालून हेळगाव अकरा जीपा भरून आलंय. म्हणजे चिन्हात काही वाईट नव्हतं. मग तुम्हाला काय चाललं नाही, ते तुम्ही मला एकदा खरं सांगा."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेळगावच्या जीपांकडून सगळ्यात मोठ्या आल्या. भुजंगरावांनीही हसत टाळ्या वाजवल्या. त्या लोकांना ती गंमत वाटली, की अक्का बोलल्या म्हणजे चांगलंच बोलल्या असणार असं वाटलं, मला आजवर कळलेलं नाही. शिवकुमारनं डोळे पुसले.

अक्का मागच्या पायऱ्यांनी उतरल्या आणि स्टँडवर आल्या. मी कार्यक्रम अर्धा टाकून त्यांच्या मागं आलो. उदगीरच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. चाकूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पर्समधून वही काढली, चार ओळींत पक्षाचा आणि जिल्हा उपाध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला आणि पान फाडून माझ्याकडं दिलं. झेरॉक्स काढून नांदेडला पाठवा, म्हणाल्या. मी पाठवला. नांदेडहून उत्तर आलं नाही. पुढं दोन वर्षं पक्षाच्या प्रत्येक पत्रकात जिल्हा उपाध्यक्षा म्हणून त्यांचं नाव छापून येत राहिलं.

मागच्या डिसेंबरात नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या. अध्यक्षपद पुन्हा महिलेला होतं. छत्रीचं तिकीट भुजंगरावांच्या सूनबाई दामिनी यांना मिळालं. त्या पुण्यात राहतात. अर्ज भरायला आल्या तेव्हा नगरपरिषद कुठल्या गल्लीत आहे ते त्यांना ड्रायव्हरनं दाखवलं.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी दुपारी चाळीसेक माणसं अक्कांच्या अंगणात येऊन बसली. नळाला तेव्हा नवव्या दिवशी पाणी येत होतं. त्यांचं म्हणणं एकच, अक्का, तुम्ही अपक्ष उभ्या राहा. पक्ष बिक्ष काही नको. गाव तुम्हाला डोक्यावर घेईल. या वेळी कोणी खोटं बोलत नव्हतं. माझाही अंदाज तोच होता, त्या उभ्या राहिल्या असत्या तर आल्या असत्या.

अक्कांनी सगळ्यांना पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मी उभी राहिले तर तुम्ही मला निवडून द्याल, हे मला ठाऊक आहे. नळासाठी द्याल. पुढच्या विधानसभेला परत भुजंगरावांना द्याल, आणि सकाळी माझ्या अंगणात याल. मला ते नको आहे."

कोणी तरी म्हणालं, असं नाही अक्का. मग मंडळी उठली. फाटकाबाहेर पडल्यावर मी स्वतः ऐकलं, एक जण म्हणाला, बाईला गर्व लई झालाय. दामिनीबाई बारा हजारांवर मतं घेऊन निवडून आल्या. छत्रीवर. शपथविधीनंतर त्या पुण्याला गेल्या.

सृष्टी कायम झाली. ते सांगायचं राहिलं.

अक्का आता जळकोटकडच्या तीन वाड्यांवर जातात. तिथल्या लोकांनी विहिरी आणि टाकीचं काम बघायला त्यांना बोलावलं आहे. मंगळवारी आणि शनिवारी सकाळच्या जीपनं त्या निघतात. गेल्या महिन्यात एका शनिवारी मी त्यांच्यासोबत गेलो. जीपमध्ये दोघंच होतो, आणि मी त्यांना सांगून टाकलं, एकोणीस साली माझं मत टांग्याला गेलं होतं. कारणही सांगितलं.

त्या बाहेर बघत होत्या. "मला माहीत होतं, अण्णा. निकालानंतर पंधरा दिवस तुम्ही चहाला आला नाहीत."

मी विचारलं, मग मला एवढी वर्षं सोबत का घेतलंत. त्यांनी पर्समधून वही काढली आणि आधीची मोजमापं चाळायला घेतली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते माझ्याच सोयीचं आहे असं माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प बसलो. जीप वाडीवर पोचली.

तिथं गुरुपादप्पा नावाचे एक म्हातारे शेतकरी विहिरीपाशी आमची वाट बघत होते. विहिरीचं खोदकाम जवळजवळ झालेलं होतं. खाली पंप बसवायचा आणि टाकीपर्यंत पाइप टाकायचा, एवढं उरलं होतं. अक्कांनी दोरीला दगड बांधून पाणी मोजलं. म्हातारा लई खूश होता. तो म्हणाला, काम झालं की उद्घाटन थाटात करू, भुजंगराव साहेबांना बोलवू, त्यांचा शब्द घेतला आहे. मग अक्कांकडं बघून त्यानं प्रेमानं सांगितलं, "तुमी बी या बरं का, अक्का."

"बघू," अक्का म्हणाल्या, आणि उन्हाळ्यात इथं पाणी किती खाली जातं, ते त्यांनी त्याला विचारलं.